खाडीचे गणित आणि रमजानचा चांद

सहरी आटोपते, घरात भांड्यांची आवराआवर सुरू होते आणि खारीगावातल्या एका चार मजली इमारतीतले एक गृहस्थ बॅटरी घेऊन जिना उतरतात. तळमजल्यावर जमिनीखाली पाण्याची टाकी आहे. तिचे झाकण उचलून ते करंगळी पाण्यात बुडवतात आणि जिभेला लावतात. सहरीची वेळ संपायला पाच-सात मिनिटे उरलेली असतात, तोवर ही चव घेता येते. पाणी गोडे असले की झाकण लावून ते वर जातात. खारट लागले तर सेक्रेटरींना झोपेतून उठवावे लागते. पंप एकदा सुरू झाला की तेच पाणी गच्चीवरच्या टाकीत चढते आणि सगळ्या इमारतीच्या चहाची वाट लागते.

वय चोपन्न, दादरला हिशेबनिसाची नोकरी, भाईंदरहून रोजची सव्वासातची लोकल. नाव छापायला त्यांनी ठाम नकार दिला. छंद कोणता असे विचारले तर जरा ओशाळून म्हणतात, "वही." ती लाल कापडी पुठ्ठ्याची चोपडी आहे. डाव्या रकान्यात तिथी, मधल्या रकान्यात हिजरी तारीख, उजवीकडे पाणी कुठवर आले त्याची नोंद. मोजमाप टेपने नाही, पायऱ्यांनी आणि वितींनी.

हे वेड लावले शेजारच्या नानांनी. नाना जातीचे आगरी, खारीचेच. त्यांच्या वडिलांचे आयुष्य मिठागरात गेले. आगरी बोलीत 'ड'चा 'र' होतो, घोड्याला घोरा म्हणतात आणि खाडीला खारी. त्यामुळे नाना "खारी भरली" म्हणाले की नव्या माणसाला कळत नाही, खाडी भरली की गाव. खरे तर दोन्ही भरले आहे. १९८५ साली इथल्या ग्रामपंचायती एकत्र करून नगरपालिका झाली, २००२ साली महापालिका. २००१च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ५ लाख २० हजार होती, २०११ साली ती ८ लाख ९ हजारांवर गेली. माणसे आली तशा इमारती आल्या, भराव पडले आणि पाण्याच्या जुन्या वाटा भिंतींखाली गेल्या. पाणी मात्र आपली वाट विसरलेले नाही.

नानांचे गणित साधे आहे. तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ निघते. प्रतिपदेला पाऊण वाजता, अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचे. आत खाडीत पाणी पोहोचायला थोडा उशीर लागतो, तो धरायचा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीला भांग. कोकणच्या किनाऱ्यावर कोळी-आगऱ्यांच्या पिढ्या याच हिशेबावर जगल्या.

हिशेबनीस माणसाला हे ऐकताच एक गोष्ट सुचली. हिजरी महिनाही चंद्राचाच. मग रोज पंचांग कशाला उघडायचे? यंदा रमजानच्या तारखेत दोन मिळवले की तिथी मिळते. पहिला रोजा २ मार्चला होता, त्या दिवशी फाल्गुन शुद्ध तृतीया, म्हणजे भरती सव्वादोनला. होळी बाराव्या रोजाला आली. आगऱ्यांचा तो मोठा सण. मगरिबनंतर नानांकडून पुरणपोळी आली तेव्हा खाडीला ओहोटी असणार, हे वहीत आधीच लिहून ठेवलेले होते.

अशीच एक गंमत चांदरातीची आहे. अमावास्येच्या सुमारास भरती दुपारी बारा-एकला असते, म्हणजे सूर्यास्ताच्या वेळी ओहोटी. लोक गच्चीवर चढून पश्चिमेला चांद शोधतात तेव्हा खाडी नेहमीच चिखलापर्यंत उतरलेली असते. वीस-पंचवीस वर्षे चांद पाहणाऱ्यांच्याही हे ध्यानात आलेले नसते. सगळ्यांची मान वर असते ना!

पण वहीचा खरा भार मधल्या काही पानांवर आहे. हिजरी वर्ष साधारण अकरा दिवसांनी लहान आणि त्यात अधिक महिना नाही, म्हणून रमजान सगळ्या ऋतूंतून फिरतो. दहा वर्षांपूर्वी तो पावसात आला होता. २०१५ साली पहिला रोजा १९ जूनला होता, शुक्रवारी. त्याच दिवशी मुंबईत धो धो पाऊस कोसळला आणि लोकल ठप्प झाल्या. त्या पानावर लिहिले आहे : 'अधिक आषाढ तृतीया. भरती सव्वादोन. मीटरच्या खोलीत दोन विती.' त्या दिवशी खजूर आणि पाण्यावर रोजा सोडला तो मेणबत्तीच्या उजेडात. पुढच्या पावसाळ्यांच्या नोंदी चाळल्या तर मीटरच्या खोलीत पाणी शिरले ते जवळजवळ प्रत्येक वेळी उधाणाच्याच दिवसांत. भांगेला तेवढाच पाऊस पडला तरी पाणी गटारातून निघून गेले.

आता ही इमारत पाडायची आहे. पुनर्विकासाचा नकाशा आला आहे. त्यात विजेचे मीटर तळमजल्यावर, पंप आणि टाकी त्याहून खाली. गृहस्थांनी कार्यकारिणीपुढे वही उघडली. मागणी एवढीच, की जोते वाढवा आणि मीटर पहिल्या मजल्यावर घ्या. एक सभासद हसले, "आता पंचांग बघून इमारत बांधायची का?" नाना कोपऱ्यातून म्हणाले, "खारी तं पंचांग बघूनच भरते."

हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नाही. मीटरच्या खोलीत पाणी शिरले की वीज तोडावी लागते, पंप बंद होतो आणि चौथ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यांना बादल्या चढवाव्या लागतात. गोड्या पाण्याची इथे आधीच मारामार आहे. सूर्या धरणाच्या योजनेतून शहराला रोज २१८ दशलक्ष लिटर पाणी मिळायचे आहे, त्याच्याकडे सगळे डोळे लावून बसलेत. असलेल्या पाण्यात खाडी मिसळू देणे परवडणारे नाही. विकासकाचे म्हणणे असे, की जोते वाढवले तर खर्च वाढेल आणि सभासदांना मिळणारे जादा क्षेत्रफळ कमी होईल. जादा जागा कुणाला नको असते? त्यामुळे इमारतीत सरळ दोन तट पडले आहेत. त्या गृहस्थांच्या घरातही. मुलाला आणखी एक खोली हवी आहे.

ईदनंतर घरे रिकामी करायची आहेत. कुणी नायगावला भाड्याने जागा पाहिली, कुणी मीरा रोडला नया नगरात. म्हणून यंदाची चांदरात या गच्चीवरची शेवटची. येत्या रविवारी ३० मार्चला गुढीपाडवा आहे आणि एकोणतिसावा रोजाही. सकाळी नानांच्या दारात गुढी उभी राहील. दुपारी पाऊण वाजता भरती. संध्याकाळी चांद दिसला तर सोमवारी ईद, नाहीतर मंगळवारी.

जोत्याचा निर्णय करायची सभा ६ एप्रिलला ठरली होती, पण त्या दिवशी रामनवमी निघाली. ती १३ तारखेवर गेली, सकाळी अकराला. नानांनी बोटांवर मोजले, चैत्र पौर्णिमा १२ला, १३ला वद्य प्रतिपदा. त्यांनी सेक्रेटरींना निरोप पाठवला आहे : सभा बाराला ठेवा, आणि विकासकाच्या माणसांना सभेनंतर अर्धा तास थांबवून घ्या. जेसल पार्कच्या जेट्टीपर्यंत चालत जाऊ.

सेक्रेटरींचे उत्तर अजून आलेले नाही. वहीत मात्र १३ एप्रिलची ओळ लिहून झाली आहे. उजवा रकाना तेवढा रिकामा आहे.