रविवारचे तीन तास

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

रविवारची सुट्टी आपल्याला आयती मिळालेली नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांमधले कामगार आठवड्याचे सातही दिवस राबत होते, तेव्हा महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली 'बॉम्बे मिल हॅण्ड्स असोसिएशन' स्थापन केली आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टी मिळाली पाहिजे, ही मागणी लावून धरली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर सुमारे १०,००० कामगारांची सभा भरली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणं केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

त्या दोघी बायकांचा विचार माझ्या मनात नेहमी येतो. सुट्टीचा पहिला रविवार त्यांनी कसा घालवला असेल? मला वाटतं, धुण्याचा ढीग उपसण्यात, दळणात आणि पोरांच्या डोक्याला तेल लावण्यात. गिरणीचा भोंगा थांबला, पण चुलीला कुठे भोंगा असतो?

मी मिरजेत एका हायस्कुलात कारकून आहे. आमचे हे एस.टी.त वाहक. त्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी आली, असं वर्षातून क्वचितच घडतं. आठवड्यातून दोन रात्री तर मुक्कामी गाडीवर जातात. मुलगी आता पुण्यात नोकरीला आहे, मुलगा अकरावीत. ही दोन मुलं वाढवताना गेली वीस वर्षं मी रविवारी पुढच्या आठवड्याची तयारी करत आले. त्यातून जे समजलं ते आज सांगणार आहे. मी मुसलमान घरातली, म्हणून काहीजण विचारतात, तुमचा दिवस तर शुक्रवार! मालेगावात ते खरं आहे. तिथले यंत्रमाग शुक्रवारी थांबतात आणि सगळ्या गावाचा आठवडाच शुक्रवारी संपतो. पण जुमा म्हणजे काम बंद ठेवण्याचा दिवस नव्हे. नमाज झाली की पुन्हा आपल्या कामाधंद्याला लागा, असंच कुराणात सांगितलं आहे. तेव्हा आमच्या घरी शुक्रवार नमाजेचा आणि रविवार तयारीचा. तुम्ही परिचारिका असाल, पोलिसात असाल, तर तुमचा 'रविवार' बुधवारी येत असेल. तोही चालतो. वार महत्त्वाचा नाही, ठरलेला असणं महत्त्वाचं.

हल्ली मोबाइलवर चित्रफिती येतात. एक बाई एकसारख्या वीस काचेच्या डब्यांत आठवड्याचं सगळं जेवण भरून ठेवते. दिसायला छान दिसतं. पण आपल्या घरी गुरुवारी रविवारची भाजी कोण खाणार? आणि खाऊही नये. आठवड्याची तयारी म्हणजे आठवड्याचा स्वयंपाक नव्हे. सकाळी सहा ते सात या तासाभरात घरात किती प्रश्न उभे राहतात ते एकदा मोजा. डब्याला काय? लसूण सोललेला आहे का? दुसरा मोजा कुठे गेला? सहलीचे पैसे आजच भरायचेत का? यातला एकही प्रश्न अवघड नाही. पण ते सगळे एकाच वेळी, एकाच माणसाला, तेही कढई तापलेली असताना विचारले जातात आणि ते माणूस बहुधा आई असतं. रविवारी करायचं ते एवढंच, की या प्रश्नांची उत्तरं त्या तासातून बाहेर काढायची. ज्याला वेळ लागतो ते आधी करायचं, ज्याला चव लागते ते ताजं करायचं.

वेळ खाणाऱ्या गोष्टी म्हणजे वाटण, निवडणं, भिजवणं, भाजणं. मटकी मी शनिवारी रात्री भिजत घालते, रविवारी सकाळी उपसून फडक्यात बांधते. उन्हाळ्यात सोमवारी सकाळी बोटभर मोड येतात, थंडीत मंगळवार उजाडतो. शेंगदाणे भाजून कूट करायचं. आलं-लसूण मीठ आणि थोडं तेल घालून वाटलं की फ्रिजमध्ये आठवडा सहज निघतो. कांदा आणि सुकं खोबरं चांगलं तांबूस भाजून, पाणी जवळजवळ न घालता केलेलं वाटण चार दिवस राहतं. ओल्या नारळाचं वाटण मात्र दोन दिवसांत आंबूस होतं. मेथी आणि कोथिंबीर निवडून ठेवायची, पण धुवायची नाही. कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून ठेवायची आणि धुवायची ती चिरण्याच्या वेळी. या सगळ्याच्या मागे एकच गोष्ट आहे, ओल. अन्न नासवणाऱ्या जंतूंना आणि बुरशीला पाणी लागतं. पाणी जितकं कमी, तितकी वस्तू जास्त टिकते. आपल्या सासवा लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालू देत नसत, ते उगाच नव्हे.

पिठाचं गणित वेगळं. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, भाकरी थापताना कडेला चिरते. बाजरीचं तर आठवड्यापलीकडे ठेवूच नये. बाजरीत तेलाचा अंश जास्त असतो. दळल्यावर त्याला हवा लागते आणि पीठ कडवट होतं. म्हणून दळण थोडं थोडं आणि दर रविवारी. २००५-०६च्या सुमारास भारनियमन जोरात होतं, तेव्हा गिरणीपुढे दळणाचे डबे रांगेत ठेवून वीज येण्याची वाट पाहावी लागे. त्या काळात फ्रिजवरही भरवसा नव्हता. कोरडं ते आधी करून ठेवायचं, ओलं ते त्याच दिवशी, हा नियम मला विजेच्या त्या टंचाईनं शिकवला. चपातीची कणीक रात्री मळून फ्रिजमध्ये ठेवली तर सकाळपर्यंत ठीक. त्यापुढे ती काळी पडते.

भाताबद्दल जरा थांबून सांगते, कारण यात धोका आहे. उरलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवून सकाळी फोडणी देण्याची पद्धत घरोघरी आहे. तांदळात 'बॅसिलस सिरियस' नावाचे जंतू असू शकतात आणि त्यांचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात उबदार हवेत तासन्‌तास राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. उलट्या होतात त्या या विषामुळे, आणि हे विष पुन्हा गरम केल्यानं जात नाही. म्हणून भात उरला तर पसरट ताटात लवकर निववून फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम करून संपवावा. डब्यासाठी फोडणीचा भात करायचा असेल तर हे लक्षात असू द्या. शिजवलेल्या भाज्या-आमट्याही फ्रिजमध्ये तीन दिवसांच्या वर ठेवू नयेत.

कपड्यांचं काम सोपं, पण पावसाळ्यात तेच सगळ्यात छळतं. गणवेशाचे दोन जोड असले तर रविवारी दोन्ही धुऊन, बटणं तपासून, इस्त्री करून टांगायचे. मोजे जोडीनं गुंडाळायचे. दप्तर रविवारी पूर्ण रिकामं करायचं. तळाशी काय काय सापडतं ते सांगत नाही! पण शाळेची सूचनाही तिथेच सापडते. रात्री साडेनऊला "अम्मी, उद्या पुठ्ठा हवाय" असं ऐकलं नाही, अशी आई मला अजून भेटलेली नाही. त्यावर आमच्याकडे एक तोडगा निघाला. रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत ज्याला जे हवं ते त्यानं कागदावर लिहून द्यायचं. पाचनंतरची मागणी पुढच्या आठवड्यात. पहिले दोन-तीन आठवडे रडारड झाली, मग मुलं स्वतःहून लिहू लागली. आता शाळांचे निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर रात्री दहालाही येतात, त्यामुळे पाचची वेळ आठपर्यंत ओढावी लागली आहे. शाळेत काम करणारी म्हणून मी हे माझ्या बाजूच्या लोकांनाही सांगत असते, की निरोप शुक्रवारी द्या.

झोपेची तयारी हा भाग बहुतेक जण विसरतात. राज्य सरकारनं २०२४ साली चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरवलं, ते मुलांची झोप पुरी होत नाही म्हणूनच. पण मोठ्या मुलांच्या अनेक शाळा अजून सात-साडेसातलाच भरतात. मूल शनिवारी रात्री एकला झोपून रविवारी अकराला उठलं, तर त्याच्या शरीराचं घड्याळ पुढे सरकतं. रविवारी रात्री दहाला त्याला झोप येत नाही आणि सोमवारी सहाला ते उठत नाही. सोमवार सकाळच्या भांडणाचं मूळ असं रविवारच्या अकरा वाजता असतं. सुट्टीला तासभर उशिरा उठावं, फार तर दीड तास. रमजानमध्ये सहेरीला उठावं लागतं, तेव्हा आमच्याकडे हा हिशेब सगळाच बदलतो. त्या महिन्यात रविवारची दुपार झोपेसाठीच राखलेली असते.

आता हे सगळं करायचं कुणी? २०२४च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार आपल्या देशात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला २८९ मिनिटं घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं. २०१९च्या पाहणीत हे आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं वाचली, तशी पुरुषांनीही आपली नऊ वाचवून घेतली! रविवारची तयारी एकट्या आईनं करायची असेल तर तिनं ती करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तसं केलं तर सहा दिवसांचं ओझं सातव्या दिवशी नेऊन ठेवल्यासारखं होतं. आमच्या घरी सहा वर्षांच्या मुलानं मोजे जोडले, लसूण सोलला. दहाव्या वर्षी मुलगी इस्त्री करू लागली, तर बाराव्या वर्षी मुलगा मटकी उपसून बांधू लागला आणि आता तो वाटणही करतो. याला मी 'आईला मदत' म्हणू देत नाही. डबा ज्याचा, मोजे ज्याचे, काम त्याचं. यांची सुट्टी बुधवारी, म्हणून आठवड्याच्या मध्याची भाजी आणणं आणि वाटण संपलं असेल तर दुसरं करणं बुधवारी त्यांच्याकडे असतं. एस.टी.तल्या माणसाला वेळापत्रक समजावून सांगावं लागत नाही.

आणि तयारीला हद्द हवी. आमची हद्द म्हणजे सकाळी नऊ ते बारा. बाराला जे राहिलं ते राहिलं. त्यानंतर मटण शिजतं, जेवणं होतात आणि दुपार ज्याची त्याची. माझा दुसरा कवितासंग्रह बहुतेक सगळा रविवारी तीन ते पाच या वेळात लिहिलेला आहे. त्या दोन तासांत कुणी कपाट उघडून "हे जरा आवरायचं का?" असं विचारलं, तर मी उत्तर देत नाही. लोखंड्यांनी मागितलेली सुट्टी आमच्या घरात या दोन तासांपुरती शिल्लक आहे आणि ती मी हातची जाऊ देत नाही.

संध्याकाळी अर्धा तास भिंतीवरच्या कालनिर्णयपाशी जातो. दुधाचा हिशेब, गॅसचा नंबर कधी लावला, कुणाचं लग्न, कुठला उरूस, चाचणी परीक्षा, आणि लाल पेनानं यांच्या मुक्कामी ड्यूट्या. ज्या रात्री ते घरी नसतात, त्याच्या दुसऱ्या दिवशीचा डबा सोपा ठेवायचा, एवढं त्या चौकोनांकडे बघून ठरतं. मुलगा वाचतो, मी लिहिते.

मुलगी पुण्यात दोन मैत्रिणींबरोबर राहते. तीही रविवारीच वाटण करून ठेवते. परवा गुरुवारी सकाळी तिचा फोन आला, "अम्मी, वाटणाला वरून फेस आल्यासारखा दिसतोय, पण वास बरा आहे. वापरू का?" मी विचारलं, पाणी घातलं होतंस? ती म्हणाली, मिक्सर फिरेना म्हणून थोडं घातलं. मी म्हटलं, टाकून दे, आज अंडी उकड.