सायकल घेताना : रुंद टायर, पुरे मडगार्ड आणि हलकी चाल

रक्तदाब किंवा साखर वाढली की दवाखान्यात गोळ्यांबरोबर एक सल्ला हमखास मिळतो : व्यायाम करा. शेतात राबणाऱ्याचे अंग तसेच मोडून निघते. पण आपल्या वस्त्यांतले कितीतरी जण आता दुकानात उभे असतात, रखवालदारी करतात, शिलाई मशीनवर बसतात, रिक्षा चालवतात. त्यांना व्यायामासाठी वेगळा तास कुठून मिळणार? कामाला जाण्यायेण्याची वाट हाच व्यायाम झाला, तर वेळ वाचतो आणि पेट्रोलचा पैसाही. त्यासाठी सायकल हवी. मात्र ती अशी हवी, की रोज काढावीशी वाटेल. घेतलेली सायकल भिंतीला टेकून गंजत राहिली तर पैसाही गेला आणि आरोग्यही मिळाले नाही.

नेवासा तालुक्यातल्या शनिशिंगणापूरचे उदाहरण घेऊ. महामार्गावरचे घोडेगाव एका अंगाला आणि सोनई दुसऱ्या अंगाला, दोन्ही पाच-सहा किलोमीटरवर. सावकाश सायकल मारली तरी अर्ध्या तासाच्या आत माणूस पोहोचतो. जाऊन-येऊन ५० मिनिटे धरली, तरी आठवड्यात पाच दिवसांची २५० मिनिटे होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये मोठ्या माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सांगितला आहे. म्हणजे ठरलेला व्यायाम केवळ कामाच्या वाटेवर पुरा होतो.

अडचण रस्त्याची आहे. शनिवारी आणि शनी अमावास्येला इथे गाड्यांची रीघ लागते. उसाच्या हंगामात जोड-ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर येतात. मागून मोठे वाहन आले की सायकलवाल्याला डांबर सोडून साइडपट्टीवर उतरावे लागते. तिथे उन्हाळ्यात खडी आणि बाभळीचे काटे, पावसाळ्यात काळ्या मातीचा राडा. म्हणून सायकल निवडताना डांबराचा विचार पुरेसा नाही, साइडपट्टीचाही करावा लागतो.

टायर किती रुंद असावा?

हवेचा टायर मुळात अंगाला बसणारे हादरे कमी करण्यासाठीच प्रचारात आला. बेलफास्टमध्ये जनावरांची डॉक्टरकी करणाऱ्या जॉन डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी तो बनवला आणि १८८८ मध्ये त्याचे पेटंट घेतले.

बारीक टायरमध्ये हवा कडक भरावी लागते. मग प्रत्येक खड्डा मनगटाला, कमरेला आणि बैठकीला कळतो. हाताला मुंग्या येतात, पाठ धरते. शिवाय असा टायर ओल्या मातीत रुततो आणि डांबराच्या कडेला घासून माणसाला पाडतो. रुंद टायरमध्ये हवा थोडी कमी चालते, त्यामुळे बारीक खडी तो पोटात घेतो. रुंद टायर जड चालतो असा समज आहे, पण खडबडीत रस्त्यावर तो पूर्ण खरा नाही. सायकल उडत-आदळत गेली की पायाची ताकद आदळण्यातच वाया जाते.

रोजच्या वापराला पावणेदोन ते दोन इंच रुंदीचा टायर पुरतो. टायरच्या अंगावर २६ × १.७५ किंवा २६ × १.९५ असे आकडे छापलेले असतात, त्यातला दुसरा आकडा रुंदीचा. जुन्या काळ्या सायकलीला २८ × १½ टायर असतो, तोही बरा. पोरांना आवडणारे चार इंची जाडजूड टायर मात्र रोजच्या ये-जा करण्यासाठी घेऊ नका. ती सायकल जड असते आणि आठ दिवसांत कंटाळा येतो. मोठ्या गोट्यांची नक्षीही टाळा. डांबरावर ती घरघरते आणि दम काढते. मधोमध सपाट आणि कडेला बारीक नक्षी असलेला टायर दोन्हीकडे चालतो.

हवा किती भरायची तेही टायरवर छापलेले असते. त्यापेक्षा जास्त भरू देऊ नका. अंगठ्याने दाबल्यावर टायर किंचित दबला पाहिजे. डबलसीट किंवा कॅरियरवर पोते असेल तेव्हा मागच्या चाकात थोडी जास्त हवा लागते.

मडगार्ड शोभेसाठी नाही

रस्त्याच्या चिखलात शेण आणि जनावरांचे मूत मिसळलेले असते. पायाला भेगा किंवा जखम असेल तर त्यातून लेप्टोस्पायरोसिससारखा आजार शिरू शकतो. डोळ्यात उडालेला चिखलही त्रास देतो. मधुमेह असलेल्यांनी पायाची जास्त काळजी घ्यावी. शाळेत किंवा कामावर पाठीवर चिखलाची रेघ घेऊन जाणे मुलींना आणि बायांना किती लाजिरवाणे वाटते, हे घरोघरी माहीत आहे. तेवढ्यावरून पावसाळ्यात सायकल घरी राहते.

मडगार्ड पुरे लांब हवे. मागचे सीटखालून चाकाच्या आसापर्यंत तरी उतरलेले असावे. पुढच्याच्या टोकाला जुन्या ट्यूबचा रुंद तुकडा लावला की पाय आणि चेन दोन्ही वाचतात. सीटच्या दांडीला अडकवायची प्लास्टिकची पट्टी कामाची नाही.

काळ्या मातीच्या मुलखात आणखी एक गोष्ट दुकानातच बघा : टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये बोट सहज फिरले पाहिजे. जागा अपुरी असली की चिकट माती मध्ये अडकते आणि चाक जाम होते. रुंद टायर घ्यायचा तर मडगार्डही त्या मापाचे रुंद हवे. त्याच्या दांड्यांचे नट महिन्यातून एकदा आवळा. निसटलेली दांडी पुढच्या चाकात गेली तर माणूस तोंडावर पडतो.

हलकी चाल कशी ओळखावी?

• चाक उचलून फिरवा. ते आवाज न करता बराच वेळ फिरले पाहिजे आणि थांबताना मागेपुढे झुलून थांबले पाहिजे. खडखड झाली किंवा झटक्याने थांबले, तर बेअरिंग कसलेले किंवा कोरडे आहे.

• सायकल एका हाताने उचलून बघा. दोन सायकली उचलल्या की फरक लगेच कळतो. पुढे स्प्रिंगचे स्वस्त शॉकअप असेल तर वजन वाढते आणि पॅडल मारताना ताकद खाल्ली जाते. रुंद टायर ते काम करतोच.

• दात मोजा. पुढे ४४ आणि मागे १८ दात असतील, तर पॅडलच्या एका फेरीत चाक जवळजवळ अडीच फेऱ्या मारते. गुडघे दुखणाऱ्यांनी किंवा ओझे नेणाऱ्यांनी मागे २० दातांचे फ्रीव्हील बसवून घ्यावे. चाल हलकी होते.

• सीटची उंची जमवा. सीटवर बसून टाच खालच्या पॅडलवर ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे. खूप खाली असलेली सीट गुडघे दुखवते.

• साडी नेसणाऱ्या बायांसाठी मधला दांडा नसलेली फ्रेम आणि पुरे चेनकव्हर बघा. हीच सायकल घरातल्या मुलीलाही चालते.

२२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरील जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे. म्हणून पक्के बिल मागा. जुनी सायकल घेत असाल तर फ्रेमच्या सांध्यांना चीर नाही ना, चिमटा वाकलेला नाही ना, हे उजेडात तपासा.

घेतल्यानंतर

मागे लाल दिवा आणि परावर्तक असू द्या, डोक्याला हेल्मेट. साइडपट्टीवरून पुन्हा डांबरावर चढताना कडेला समांतर जाऊ नका, वेग कमी करून तिरके चढा. पावसात भिजलेली चेन रात्री पुसून तेलाचे थोडे थेंब सोडा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर किंवा बिस्किटे ठेवावीत. छातीत दुखणे किंवा धाप लागणे असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. पहिल्या आठवड्यात एकच बाजू सायकलने करा, मग दोन्ही.

आणि कुलूप घ्या. दारे नसलेल्या घरांचे गाव म्हणून शनिशिंगणापूर देशभर ओळखले जाते, पण २०१५ मध्ये तिथेही पोलीस ठाणे सुरू झाले. आपल्या घामाच्या पैशाची राखण आपणच करायची. चाक आणि फ्रेम दोन्ही खांबाला बांधली जातील एवढी लांब साखळी सायकलीबरोबरच विकत घ्या.