घरात मारहाण होत असेल तर : कॅथलिक चर्चचा नियम



• विभक्त राहणे : मान्य. चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेचे कलम ११५३ : जोडीदारापासून दुसऱ्याच्या किंवा मुलांच्या शरीराला किंवा मनाला गंभीर धोका असेल, तर बिशपांच्या हुकुमाने वेगळे राहता येते. थांबण्यात धोका असेल तर हुकुमाची वाट न पाहता घर सोडता येते. ही मुभा नवी नाही. १९१७ च्या संहितेतही होती.

• विवाहबंध मात्र कायम. दुसरे लग्न नाही.

• कोर्टाचा घटस्फोट : हक्क, मुलांचा सांभाळ किंवा वारसा राखायला दुसरा मार्गच नसेल तर चालतो. पुनर्विवाह न केल्यास केवळ घटस्फोटामुळे कम्युनियन बंद होत नाही.

• विवाह रद्दबातल ठरणे : हा घटस्फोट नव्हे, लग्न मुळातच वैध नव्हते, असा चर्चच्या न्यायमंडळाचा निवाडा. नंतरची मारहाण एवढेच कारण पुरत नाही. सरकारदरबारी हा निवाडा घटस्फोट म्हणून चालत नाही (सुप्रीम कोर्ट, १९९६).

• देशाचा कायदा : घटस्फोट कायदा, १८६९. क्रूरतेच्या जोडीला पतीचा व्यभिचारही सिद्ध करण्याची पत्नीवरची अट मुंबई हायकोर्टाने १९९७ मध्ये काढली. २००१ च्या दुरुस्तीनंतर देशभर क्रूरता हे स्वतंत्र कारण.

• महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२.