घाम आणि नाडी यांची एकत्र साक्ष

विठ्ठलवाडी, कल्याण, उल्हासनगर या परिसरात घाम गाळून पोट भरणाऱ्यांची संख्या फार मोठी आहे. पत्र्याच्या छपराखाली जीन्स शिवणारे, रेल्वेमार्गावर खडी टाकणारे, गटारे उपसणारे आपलेच बांधव आहेत. घामाच्या पैशाचा आपल्याला अभिमान आहे. पण खुद्द घाम शरीराबद्दल काय सांगतो, याचा विचार आपण क्वचितच करतो. घाम व नाडी एकाच वेळी तपासणारी, अंगावर चिकटवण्याची साधने आता तयार झाली आहेत. सभासद बंधू-भगिनी व विद्यार्थी मित्रांना त्यांची ओळख व्हावी, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

प्रथम नाडी पाहू. कोरोनाच्या काळात ऑक्सिमीटर घरोघरी पोहोचला व बोटावर नाडी मोजणे सर्वांना माहीत झाले. परंतु स्टेशनचा पूल धावत चढला तरी नाडी वाढते, ताप आला तरी वाढते, अंगातले पाणी कमी झाले तरी वाढते. काहीतरी घडले आहे एवढे नाडी सांगते. काय घडले, ते सांगत नाही.

ती उणीव काही अंशी घाम भरून काढतो. घाम म्हणजे बहुतांशी पाणी. त्यात सोडियम, क्लोराइड, पोटॅशियम, युरिया व लॅक्टेट असते. लॅक्टेट हा पदार्थ स्नायूंवर ताण पडला की वाढतो. घामाची तपासणी ही तशी नवी गोष्ट नव्हे. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक रोगाच्या निदानासाठी घामातील क्लोराइड मोजण्याची खात्रीशीर पद्धत १९५९ मध्येच पुढे आली होती.

२०१६ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संशोधकांनी घाम आणि हृदयाचे ठोके एकाच पट्टीवर आणले. लवचीक पॉलिस्टर कापावर त्यांनी छपाईने विद्युत्‌अग्रे उमटवली. काही अग्रे हृदयाचा ईसीजी घेतात. मधल्या संवेदकावरील विकर लॅक्टेटशी क्रिया करते आणि लॅक्टेटच्या प्रमाणात सूक्ष्म विद्युत्‌प्रवाह निर्माण होतो. खारट घाम हा विजेचा वाहक असल्यामुळे दोन्ही संकेत एकमेकांत मिसळण्याची भीती होती. म्हणून मध्ये पाणी न धरणारा थर छापला गेला. ही पट्टी छातीवर लावून व्यायामाच्या सायकलवर चाचणी झाली, ती तीन पुरुषांवर.

तीन हा आकडा विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावा. नव्या कल्पनेच्या पहिल्या चाचणीला तो पुरेसा असेल, पण सर्वांसाठी भरवसा देण्यास तो पुरेसा नाही. ऑक्सिमीटरचाच धडा पाहा. कृष्णवर्णीय रुग्णांच्या रक्तातील ऑक्सिजनची कमतरता या यंत्राच्या नजरेतून गोऱ्यांच्या सुमारे तिप्पट वेळा निसटते, असे २०२० मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासात आढळले. कातडीचा रंग प्रकाश शोषतो, याचा पुरेसा हिशेब ठेवला गेला नव्हता. उद्या घामाची पट्टी आपल्याकडे आली, तर ती खडी टाकणाऱ्या कामगारावर आणि शिलाईयंत्रावर बसणाऱ्या भगिनीवर तपासली गेली आहे का, हे आपण विचारलेच पाहिजे.

हा प्रश्न जिवाचा आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे भर उन्हात झालेल्या कार्यक्रमानंतर १४ जण उष्माघाताने दगावले. घाम वाळताना उष्णता घेऊन जातो, म्हणून शरीर थंड राहते. आपल्या दमट हवेत तो वाळत नाही, नुसता निथळतो. पाणी व मीठ जाते आणि अंग मात्र तापतच राहते.

तोपर्यंत आपले डोळे हेच साधन होय. उन्हात चक्कर, मळमळ किंवा पेटके आल्यास काम थांबवून सावलीत बसावे, पाणी व ओआरएस घ्यावे. अंग तापून माणूस बरळू लागला किंवा शुद्ध हरपली, तर अंगावर पाणी ओतून वारा घालावा व ताबडतोब रुग्णालयात न्यावे. बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालू नये. घाम येत आहे, म्हणजे उष्माघात नाही, असे मुळीच समजू नये.

रसायनशास्त्र व इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हा विषय हाती घ्यावा. कष्टकऱ्याच्या घामाची किंमत त्यांच्याइतकी दुसऱ्या कोणाला कळणार?