दुःख बोलणारे पुरुष

1938 साली आजच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या तळोदा तालुक्यातील मोरवडला दर सोमवारी माणसांची रीघ लागे. सातपुड्याच्या पाड्यांवरून भिल्ल, पावरा कुटुंबे पायी येत आणि गुलाम महाराजांच्या आरतीत उभी राहत. महाराजांचा उपदेश साधा होता: दारू सोडा, स्वच्छ राहा, लहानथोर सगळ्यांना ‘आप’ म्हणा. सावकाराच्या वहीत अडकलेल्या, वेठीला राबणाऱ्या गड्याला ‘अरे-तुरे’खेरीज हाक ठाऊक नव्हती. दारू सोडायची, तर ती आपल्याला खाते आहे हे आधी कबूल करावे लागते. आरतीने त्या कबुलीला जागा दिली.

त्याच वर्षी महाराज गेले. धाकटे बंधू रामदास महाराजांनी आरती चालू ठेवली, तेव्हा इंग्रज सरकारने त्यांना जिल्ह्याबाहेर काढले. 2 मार्च 1943 रोजी रावलापाणीच्या नाल्यात जमलेल्या अनुयायांवर गोळीबार झाला. गोळ्यांच्या खुणा तिथल्या खडकांवर आजही दाखवतात आणि दरवर्षी त्या दिवशी लोक तिथे जमतात.

पुढच्या पिढीत शहादा तालुक्यात अंबरसिंग सुरतवंती उभे राहिले. सर्वोदयाच्या मुशीतला हा भिल्ल कार्यकर्ता भजन गात गावोगाव फिरे. लोक त्यांना महाराजच म्हणत. हातची गेलेली जमीन, सालदारकी, घरातली उपासमार हे बोलायला सभेच्या आधी भजन असे. ज्याला भाषण देता येत नव्हते, त्यालाही टाळ धरता येत होता. मे 1971 मध्ये पाटीलवाडीत आदिवासींवर झालेल्या गोळीबाराने तालुका हादरला. 1972 मध्ये श्रमिक संघटना स्थापन झाली आणि जमीन व मजुरीचे लढे उभे राहिले. 1974 मध्ये अंबरसिंग अकाली गेले.

या काळातली सर्वांत अवघड गोष्ट बायकांनी केली.

1972-73 च्या सुमारास शहाद्याच्या गावांमधून त्या मोर्चाने निघाल्या, दारूची मडकी फोडली, बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना चारचौघांत जाब विचारला. मालकापुढे मान खाली घालणारा पुरुष घरी येऊन हात उगारतो, ही गोष्ट त्यांनी चव्हाट्यावर आणली. पुरुषाच्या दुःखाबद्दल लिहिताना त्या दुःखाचा मार कोणी सोसला, हे विसरता येणार नाही.

संघटनेच्या याच मुशीतून वाहरू सोनवणे आले. शहादा तालुक्यातल्या या भिल्ल कार्यकर्त्याचा ‘गोधड’ हा कवितासंग्रह 1987 साली प्रसिद्ध झाला. आरती आणि भजनात दुःख देवापुढे ठेवले जाई. वाहरूंच्या कवितेत ते माणसांपुढे आले, ‘मी’ आणि ‘आम्ही’ म्हणत. त्यांच्या ‘स्टेज’ या कवितेत दुसरी घुसमट आहे: आदिवासींचे दुःख मंचावरून इतरच सांगतात आणि ज्याचे ते आहे तो खाली बसून ऐकतो.

आरती-भजनातून दुःखाला वाट मिळाली, तसेच काहीसे दूर ब्राझीलमध्ये घडले. साओ पाउलोच्या गरीब वस्त्यांतल्या रासिओनाइस एमसीज या रॅप गटाच्या 1997 च्या अल्बमच्या मुखपृष्ठावर क्रूस आहे आणि सुरुवातीला संत जॉर्जची प्रार्थना. त्याच अल्बममध्ये कारांदिरू तुरुंगातल्या 1992 च्या हत्याकांडावरचे गाणे आहे. त्या हत्याकांडात 111 कैदी मारले गेले होते. ते गाणे त्या तुरुंगात राहिलेल्या एका कैद्याच्या लिखाणावर उभे आहे. 2002 मधल्या त्यांच्या एका गाण्याचे नावच ‘येशू रडला’ असे आहे. पोलिसांच्या गोळीखाली वाढलेल्या पोरांना रडण्याची मुभा तिथेही देवाच्याच नावाने मिळाली.

आज नंदुरबारच्या पाड्यांवरून दिवाळीनंतर ऊसतोडीला टोळ्या गुजरातेत उतरतात. उचल घेतलेला तरुण कोयता घेऊन निघतो, खिशात मोबाइल असतो आणि त्यात भिली, पावरी, अहिराणी गाणीही. लग्नाच्या डीजेवर ती जोरात वाजतात. गाण्याची हौस, भाषा आणि यंत्र सगळे हाताशी असलेल्या या तरुणाला अंबरसिंगांची भजने मात्र कुठे ऐकायची? 1972 साली पंचविशीत असलेले श्रोते आता पंचाहत्तरी ओलांडून गेले आहेत. शहादा, तळोदा, अक्कलकुव्याच्या महाविद्यालयांनी मुलांना ध्वनिमुद्रणाला या म्हाताऱ्यांकडे धाडावे: मोरवडच्या आरत्या, भजने, दारूबंदीच्या मोर्चात बायकांनी म्हटलेली गाणी, सगळे. हे काम याच हंगामात सुरू व्हायला हवे.