कागदाची जाळी आणि एका पेनीचे टपाल

लेससारखी नाजुक जाळी, पण सुताची नव्हे, कागदाची! मधोमध फुलांचे रंगीत चित्र, एखादा रेशमी फितीचा तुकडा, आणि पाठवणाऱ्याचे नाव बहुधा नाहीच. व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडमध्ये १४ फेब्रुवारीला, म्हणजे सेंट व्हॅलेंटाइनच्या दिवशी, प्रीतीची खूण म्हणून अशी कार्डे पाठवीत.

ही जाळी करीत कशी? ठशावर कागद दाबून उठावाची नक्षी काढायची, आणि वर आलेला भाग हलकेच घासून टाकायचा. घासले तिथे छिद्र पडे, उरलेल्या कागदाची जाळी होई. हात जरा जड पडला, की कागद फाटलाच म्हणून समजा!

पण नुसत्या कारागिरीने ही कार्डे घरोघर पोचली नसती. पूर्वी टपालहशील अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरे. पाकीट घातले तर तो आणखी एक कागद! शिवाय पैसे बहुधा पत्र घेणाराच देई. रोलंड हिल यांच्या योजनेमुळे १० जानेवारी १८४० पासून अर्ध्या औंसापर्यंतचे पत्र आगाऊ एक पेनी भरली की देशभर कुठेही जाऊ लागले. आपल्याकडे १८५४ साली अर्ध्या आण्याचे टपाल सुरू झाले, त्यामागेही हेच तत्त्व होते.

स्वस्ताईला दुसरी बाजूही असते. वेडेविद्रे चित्र आणि झोंबणारी कविता छापलेले स्वस्त कागद लोक निनावी पाठवीत. संग्राहक त्यांना ‘व्हिनेगर व्हॅलेंटाइन’ म्हणतात. एका पेनीत प्रेम जाई, तसा अपमानही जाई.

अमेरिकेत वुस्टर गावी एस्थर हाउलँड या बाईंनी या कार्डांचा मोठा धंदा उभारला. त्यांचे वडील कागदसामानाचे व्यापारी. टेबलाभोवती मुली बसत. एकीने चित्रे कापायची, दुसरीने मांडायची, तिसरीने चिकटवायची. १८८१ साली बाईंनी धंदा विकला. प्रीतीची खूण खरी, पण तीही अशी हातोहात, मजुरीने तयार होई.

शिक्षक बंधुभगिनींनो, इतिहासाच्या तासाला असे एखादे कार्ड मुलांना चित्रात दाखवा. ‘कुणी कुणाला पाठवले?’ हे मुले विचारतीलच. ‘पोचवले किती पैशांत? आणि ही जाळी घासली कुणाच्या बोटांनी?’ हे मात्र तुम्ही विचारा. पाठवणाऱ्याचे नाव निदान घेणाऱ्याने ओळखले असेल. त्या बोटांचे नाव कुणी विचारलेच नाही.