कुकटपल्लीच्या कातळात हाडं नाहीत

बारावीतली भाची सुट्टीला कुकटपल्लीला आली आणि पहिल्याच सकाळी घरामागच्या कातळावर चढून बसली. ‘‘मावशी, यात जीवाश्म असतील का गं?’’ नाहीत. हा ग्रॅनाइट सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटात तप्त रसापासून थिजला. हाड टिकतं ते गाळात, नदीच्या रेती-चिखलाखाली झटकन गाडलं गेलं तर. म्हणून आपल्याकडे जीवाश्मांच्या अभ्यासाची वाट बहुधा भूविज्ञान विभागातून जाते. मी नागपूरला एम.एस्सी. केलं तेव्हा डायनासोरच्या आधी खडकांचे थर आणि शंखशिंपले घोटावे लागले. पुढे प्राणिशास्त्रही लागतंच.

दुपारी मेट्रोनं तिला बिर्ला विज्ञान संग्रहालयात नेलं. तिथला कोटासॉरस हा डायनासोर पाहिला की मला माहेरी आल्यासारखं वाटतं. माझं माहेर सिरोंचा. घरात मराठी, बाजारात तेलुगू. आमच्या प्राणहितेकाठच्या कोटा गावावरून तिथल्या खडकांना नाव पडलं आणि खडकांवरून या प्राण्याला. हाडं मिळाली पलीकडे, तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या यामनपल्लीजवळ. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या पी. यादगिरींनी १९८८ मध्ये त्याचं नामकरण केलं. दात मिळाले, पण कवटी नाही. मग डोकं कसं बसवलं? जवळच्या जातींशी ताडून. भाची तिथे बराच वेळ थांबली, आणि मला बरं वाटलं. हा प्रश्न पडायलाच हवा.

शेतातला दगड की हाड, हे आम्ही जिभेला लावून बघायचो. जीवाश्म हाडाला बारीक छिद्रं असतात, ते जिभेला चिकटतं. तिनं नाक मुरडलं. मग मी पिसदुऱ्याचं सांगितलं. वरोरा तालुक्यातल्या या गावात डायनासोरच्या विष्ठेचे दगड झालेले मिळतात. २००५ मध्ये वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी त्यांत गवताच्या पेशींतले सिलिकाचे कण दाखवले. पात्याची धार बोट कापते ना, तिथलंच ते सिलिका. म्हणजे डायनासोर असतानाच इथे गवत होतं, तेही एकाच जातीचं नव्हे. एवढी मोठी गोष्ट शेणाच्या गोळ्यातून कळली, याचा मला अजून आनंद होतो.

तिचं गाव वरोऱ्यापासून जवळ. दिवाळीत जाणार आहोत. दिसलं की उचलायचं नाही, आधी जागा आणि थर वहीत लिहायचा, हे बजावून ठेवलंय. थरापासून तुटलेलं हाड आपलं वय सांगत नाही.